मुंबई–पुणे हवाई अंतर व प्रवासवेळ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे १२४ किमी. आहे. ही रेषा रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर यांच्या मधून जाते. लोहमार्गाने मात्र मुंबई–पुणे अंतर १९२ किमी. भरते. कर्जतपुढे बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ असल्याने कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. तेवढ्या थांब्यात फलाटावरचा वडा हातात पडतो, ही प्रवाशांची जमेची बाजू. तरीही डेक्कन क्वीन सव्वातीन तासांच्या आसपास पुणे गाठते.

ताशी ८०० किमी. वेगाने हिशेब केला, तर विमानाला दहा मिनिटेही लागू नयेत. पण हा हिशेब कागदावरचाच. एवढ्या टप्प्यात विमान पूर्ण उंची गाठण्याआधीच उतरू लागते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वळसा घेऊन उतरणे हा वेळ अंतर कमी झाले म्हणून घटत नाही. त्यात विमानतळावर आधी पोहोचणे व सुरक्षा तपासणी मिळवली, की रेल्वेवरची आघाडी जवळजवळ संपते. परदेशातून मुंबईत उतरून पुढचे विमान धरणाऱ्यास हा आक्षेप फारसा लागू नाही, हे खरे. तो विमानतळावरच असतो. मात्र कर्जत-खालापूरच्या रहिवाशाला डोक्यावरच्या त्या रेषेचा उपयोग शून्य. त्याच्या दृष्टीने उलव्याचा नवी मुंबई विमानतळ किती जवळ आला, हेच मोजण्यासारखे अंतर होय.