वेडावर दयेचा उपचार : यॉर्क येथील एक प्रयोग

वेड्या माणसास बांधून ठेवणें हें एके काळीं कोणास क्रौर्य वाटत नसे. तें शहाणपण वाटे. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत पुष्कळ विद्वान वैद्यांचीही अशी समजूत होती कीं, बुद्धि गेली म्हणजे मनुष्य पशूच्या पंक्तीस जाऊन बसतो. मग त्याला थंडीवारा बाधत नाहीं, अपमान कळत नाहीं व भीतीवांचून दुसरी भाषा समजत नाहीं. लंडनच्या बेथलेम इस्पितळांत पेटींत नाणें टाकून वेडे पाहावयास लोक जात. या तमाशाला आळा बसला तो १७७० सालीं. ही समजूत किती चिवट असते हें पाहावयाचें असेल तर दूर जावयास नको. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्याची मनाई आपल्या देशाच्या कायद्यांत २०१७ सालींही स्पष्ट शब्दांत लिहावी लागली.

१७९० च्या मार्चांत लीड्स येथील हॅना मिल्स नांवाची एक क्वेकर पंथाची विधवा यॉर्क शहरांतील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाली. आप्तांच्या विनंतीवरून तेथील क्वेकर मंडळी तिची विचारपूस करण्यास गेली. परंतु भेट होऊं शकत नाहीं असें सांगून त्यांस दारावरूनच परत लावण्यांत आलें. एप्रिल संपण्यापूर्वीं ती वारली. दाराआड काय घडलें तें कोणास कळलें नाहीं.

या मृत्यूनें अस्वस्थ झालेला विल्यम ट्यूक हा वैद्य नव्हता. तो चहाकॉफीचा व्यापारी होता. आपल्या पंथापुरतें एक निराळें घर काढावें अशी सूचना त्यानें १७९२ सालीं मांडली. स्वकीयांतूनच विरोध झाला. आपल्यांत वेडे आहेतच किती, असें कांहींनीं विचारलें. तथापि वर्गणी जमली, आणि १७९६ सालीं शहराबाहेरील टेकडीवर सुमारें तीस रुग्णांची सोय असलेलें तें घर उघडलें. त्याला 'रिट्रीट', म्हणजे विसाव्याचें स्थान, हें नांव ट्यूकच्या सुनेनें सुचविलें.

या घराची रचना आम्हांस त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षां अधिक बोलकी वाटते. खिडक्यांना गज होते, परंतु ते चौकटीच्या लाकडी पट्ट्यांसारखे दिसावेत असे बसविलेले. कड्याकुलपांचा खडखडाट कानीं पडूं नये म्हणून तीं कातड्यांत मढविलेलीं. अंगणांत ससे, समुद्रपक्षी, कोंबड्या पाळलेल्या; मुक्या जिवांची काळजी घेतां घेतां माणसाची माया जागी होते, हा त्यांतील हेतु. स्त्री-रुग्णांस अधूनमधून चहाचें निमंत्रण असे; त्या उत्तम वस्त्रें लेवून येत आणि शिष्टाचारांत एकमेकींवर ताण करीत. पहिले वैद्य डॉ. थॉमस फाउलर यांनीं त्या काळचीं रक्त काढणें, जुलाब देणें वगैरे साधनें प्रामाणिकपणें वापरून पाहिलीं, आणि त्यांचा फारसा गुण येत नाहीं असा निष्कर्ष काढला. ज्याची झोप उडाली आहे अशा क्षुब्ध रुग्णास रात्रीं भरपेट जेवूं घालावें, हा त्यांच्या मार्गांतील एक इलाज होता! आमच्या आज्यांना तो शिकवावा लागला नसता.

ट्यूकचा नातू सॅम्युएल यानें १८१३ सालीं या संस्थेची हकीगत प्रसिद्ध केली. तींत चौतीस वर्षांच्या एका धिप्पाड रुग्णाची कथा आहे. त्याला इतका सतत जखडून ठेवलेला असे कीं, बेड्या न काढतां कपडे उतरवितां यावेत म्हणून त्यांना नाड्या लावल्या होत्या. रिट्रीटमध्यें पाऊल टाकतांच त्याच्या बेड्या काढल्या, आणि चालकांचें जेवण चाललें होतें तेथें त्याला पंक्तीस बसविलें. तो नीट जेवला. नंतर अधीक्षकानें त्याला खोलींत नेऊन सांगितलें कीं, येथें प्रत्येकाला सुखानें ठेवण्याची आमची इच्छा आहे. तुमच्यावर सक्ति करण्याची वेळ तुम्ही आणणार नाहीं अशी आशा आहे. पुढें त्याचा क्षोभ वाढला, तो ओरडूं लागला, म्हणजे अधीक्षक त्याच्या खोलींत जाई आणि मुकाट्यानें शेजारीं बसून राही. सुमारें चार महिन्यांनीं तो बरा होऊन घरीं गेला.

या पद्धतीस इंग्रजींत 'मॉरल' उपचार म्हणत. येथें त्या शब्दाचा अर्थ नीतिपर नसून मनासंबंधीचा आहे, हें न ध्यानीं घेतल्यामुळें पुष्कळांची फसगत झाली आहे. फ्रान्सांतही तोच विचार वाढत होता. बिसेत्र येथील साखळ्या तोडल्याचें श्रेय चित्रकारांनीं व चरित्रकारांनीं डॉ. पिनेल यांस दिलें; वस्तुतः १७९७ सालीं त्या काढविल्या त्या तेथील व्यवस्थापक प्यूसें यानें. हा पूर्वीं त्याच इस्पितळांत गंडमाळेचा रोगी म्हणून आलेला गृहस्थ! बऱ्या झालेल्या रुग्णांसच तो परिचारक नेमीत असे.

१८१४ सालीं यॉर्कच्या जुन्या इस्पितळांत गॉडफ्रे हिगिन्स या दंडाधिकाऱ्यास लपवून ठेवलेल्या घाणेरड्या कोठड्या सांपडल्या, आणि पुढल्या वर्षीं पार्लमेंटच्या समितीनें देशांतील अशा संस्थांची चौकशी आरंभिली. हॅना मिल्सच्या वेळीं दार कां बंद झालें असावें, याचा तर्क करण्यास आतां जागा झाली.

मिशेल फूको या फ्रेंच पंडितानें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत या सगळ्यावर कठोर आक्षेप घेतला. ट्यूकनें साखळी काढली, परंतु तिच्या जागीं लाज, भय व सदैव कोणीतरी पाहत असल्याची जाणीव आणून बसविली, असा त्याचा आशय. आम्हांस हा आक्षेप निम्मा खरा वाटतो. अधीक्षकाच्या त्या गोड बोलण्यांत अट होती, हें उघड आहे; भयाचा उपयोग होतो हें सॅम्युएल ट्यूकनेंही लपविलेलें नाहीं, आणि पट्टे कधींमधीं वापरले जातच. परंतु चहाच्या मेजावर संकोचणें आणि मनगटांस बेडीचे घट्टे पडणें यांतील अंतर ग्रंथांत जितकें लहान दिसतें, तितकें तें त्या धिप्पाड रुग्णास दिसलें नसतें.

पद्धत ढासळली ती निराळ्याच कारणानें. लिंकन येथें १८३८ सालीं व हॅनवेल येथें १८३९ सालीं बांधून ठेवण्याची चाल मोडली गेली, आणि दयेचा विजय झाला असें वाटूं लागलें. मग सरकारी इस्पितळें वाढत गेलीं. १८५१ सालीं उघडलेलें लंडननजीकचें कोल्नी हॅच बाराशेंहून अधिक रुग्णांसाठीं बांधलें होतें. तेथील अधिकाऱ्यास सर्वांचीं नांवें ठाऊक असणेंही कठीण. एखाद्याच्या खोलींत जाऊन मुकाट्यानें बसण्यास त्याला सवड कोठून मिळणार?