कापोएरा : लढायची नाही, 'खेळायची' युद्धकला

ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांमध्ये कापोएरा रुजली. १८९० च्या दंडसंहितेने ती रस्त्यावर खेळणं गुन्हा ठरवलं. १९३२ मध्ये मेस्त्रे बिंबा यांनी साल्वादोर शहरात तिची शाळा काढली. मेस्त्रे पास्तिन्या यांनी पारंपरिक 'अंगोला' शैली जपली.

कापोएरा शिकतात ती 'रोडा'त, म्हणजे माणसांच्या रिंगणात. मध्ये दोघं खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवत गातात. बेरिंबाऊ या एकतारी वाद्याची लय खेळाचा वेग ठरवते. म्हणून लाथेबरोबर गाणं आणि वादनही शिकावं लागतं. लाथ अनेकदा फक्त दाखवायची असते; समोरच्याला इजा न करता चकवणं, हेच कौशल्य.

कधीकाळी तुरुंगात नेणारं हेच रिंगण २०१४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आलं.