परतूरची छावणी आणि हुकलेली गोळी

मंडळी, जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेवर टीव्हीचा एक भाग करायचा झाला, तर पडद्यामागे काय लागेल? आपल्याला वाटतं, यंत्रं आणि चमत्कार. पण इतिहासात कथा बदलते ती एकच गोष्ट. १४ जानेवारी १७६१ ची ती गोळी विश्वासरावांना लागत नाही, कानाजवळून निघून जाते. तोवरचं सगळं मात्र खरंच दिसायला हवं. म्हणून कॅमेरा आधी आपल्या जालना जिल्ह्यात, परतूरला लावू. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज इथूनच उत्तरेला निघाली. तंबू, तोफा, इब्राहिमखानाचे गारदी, सगळं नीट उभं करावं लागेल. त्या फौजेतले कितीतरी परत आलेच नाहीत. हे मनात ठसलं नाही, तर गोळी हुकल्याचं मोल प्रेक्षकाला कळायचं कसं?