यंत्रांतील खाचा आणि हरवलेला आवाज

आषाढीच्या वारींत श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर पंढरपुरास येणाऱ्या दिंड्यांस क्रमांक असतात. कांहीं दिंड्या रथापुढें चालतात, कांहीं रथामागें. गर्दींत चुकलेला वारकरी दिंडीचा क्रमांक सांगतो आणि आपल्या माणसांत परत पोंचतो. संगणकाच्या पोटांतील व्यवस्थेचा इतिहासहि असाच जागा आणि क्रमांक यांचा इतिहास आहे. घरच्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवावी, पडद्यावर चित्र स्वच्छ उमटावें, परंतु कीर्तनाची ध्वनिफीत लावतांच यंत्र मुकें राहावें, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. त्या मुकेपणाचें कारण या इतिहासांत सांपडतें.

अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला घरगुती संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर केला. त्याच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डावर, पांच लांबट खाचा होत्या. अंगचें नसलेलें काम यंत्राकडून करवून घ्यावयाचें झाल्यास त्या कामाचें कार्ड खाचेंत बसवावयाचें, अशी योजना होती. विशेष हा कीं, या खाचांची विद्युत्-रचना कंपनीनें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्यामुळें कोणाहि कुशल कारागिरास स्वतःचें कार्ड घडवितां येऊं लागलें.

या मोकळेपणाचा लाभ मराठीसहि झाला. त्या काळच्या डॉस प्रणालीस देवनागरी ठाऊक नव्हती. कानपूरच्या आयआयटींत भारतीय लिप्यांवर जें संशोधन झालें, तें पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढीस लागलें आणि त्यांतून ‘जिस्ट’ कार्ड सिद्ध झालें. तें खाचेंत बसवितांच, इंग्रजीसाठीं लिहिलेल्या आज्ञावल्यांतहि मराठी अक्षरें उमटूं लागलीं.

आवाजाचीहि वाट तीच. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें ‘साउंड ब्लास्टर’ कार्ड १९८९ सालीं बाजारांत आलें. परंतु कार्ड बसविल्यानें काम संपत नसे. कार्ड आणि कार्यप्रणाली यांची भाषा भिन्न. मध्यें दुभाषी लागतो. त्या दुभाषी आज्ञावलीसच ड्रायव्हर म्हणतात. शिवाय जुन्या खाचेंतील कार्डास बहुधा स्वतःची ओळख सांगतां येत नसे. लहान टांचण्या हातानें हलवून त्याची जागा ठरवावी लागे, आणि दोन कार्डांनीं एकच जागा मागितली तर एक अथवा दोन्हीं बंद पडत.

ही अडचण इंटेल कंपनीच्या पुढाकारानें १९९२ सालीं निघालेल्या पीसीआय पद्धतीनें दूर केली. तींत प्रत्येक कार्डाच्या अंगीं दोन क्रमांक कोरलेले असतात. एक निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. तिच्या एका प्रसिद्ध प्रोसेसराचें नांवहि तेंच. १९९५ सालच्या विंडोज ९५ प्रणालीनें हे क्रमांक वाचून ड्रायव्हर आपणहून जोडण्याचा प्रघात पाडला. १९९७ सालीं इंटेलनें एसी-९७ ही ध्वनिपद्धति आंखून दिली. मग ध्वनीचें काम हळूहळू मदरबोर्डावरच आलें आणि बहुतेक घरांत निराळ्या कार्डाची गरज उरली नाहीं. पुढें पीसीआय एक्सप्रेस आली. खाचेचा आकार बदलला, पण क्रमांकांची चाल तीच राहिली.

म्हणून आवाज हरवला असतां प्रथम क्रमांक पाहावा. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्यें अनोळखी वस्तूपुढें पिवळी खूण दिसते. तिच्या तपशिलांत हार्डवेअर आयडी या सदराखालीं ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’ या अक्षरांपुढें चार-चार चिन्हें असतात. पहिल्या चारांवरून निर्माता कळतो, दुसऱ्या चारांवरून वस्तु. त्यावरून ड्रायव्हर शोधावा, आणि तो संगणकाच्या अथवा मदरबोर्डाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. भलत्या ठिकाणाहून आणलेल्या दुभाष्यावर भरंवसा ठेवूं नये. यादींत वस्तूच दिसत नसेल, तर यंत्राच्या मूळ मांडणींत, म्हणजे बायोसमध्यें, ध्वनि बंद तर केलेला नाहीं ना, हेंहि पाहावें.

जिस्ट कार्ड बसेल अशी खाच आजच्या घरगुती संगणकांत सहसा सांपडत नाहीं. परंतु ज्या इस्की वर्णसंकेतावर तें चाले, तो प्रसिद्ध झालेला होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. कार्ड गेलें, पण त्याचा वर्णक्रम हातांतल्या फोनपर्यंत येऊन पोंचला. जें मोकळेपणानें लिहून ठेवलें, तें असें टिकलें. घरचा संगणक मुका झाला तर त्याचा आवाज परत मिळतो, तोहि अशाच कोणीं लिहून ठेवलेल्या क्रमांकाच्या आधारें.