सागाचे गलबत, तुणाचा तंबोरा आणि हेडफोनची वाटी

१/ पाठीमागून बंद असणाऱ्या हेडफोनच्या लाकडी वाट्यांविषयी एक समजूत रूढ आहे: लाकूड बदलले की नाद बदलतो. अक्रोड उबदार, महोगनी गोड, साग भारदस्त. ही समजूत कितपत खरी? कोणते लाकूड कोणत्या कामाला, हा प्रश्न महाराष्ट्राच्या कारागिरांनी हेडफोन जन्मण्याच्या फार आधी हाताळला होता. आरंभ रायगडच्या किनाऱ्यावरून.

२/ अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांचे आरमार अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या आश्रयाने वावरत होते. याच किल्ल्यावरून जिल्ह्याला १९८१ पर्यंत ‘कुलाबा’ हे नाव होते. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीत सागाला तोड नव्हती. सागात नैसर्गिक तेल असते, ओल-उन्हात तो फार फुगत वा आकसत नाही आणि सहसा तडकत नाही.

३/ याचा पुरावा आजही तरंगतो आहे. मलबारच्या सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेली. ती सध्या इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. लाकडाचा पहिला गुण हा: दिलेला आकार न सोडणे. तो पुढे हेडफोनपाशी पुन्हा भेटेल.

४/ आता घाट चढून मिरजेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांची मागणी ओसरू लागली तेव्हा, फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. तलवारींना धार लावणारे हात तंबोरे घडवू लागले. त्या परंपरेतील मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

५/ तंबोऱ्याचा भोपळा खरोखरचा भोपळाच असतो. त्यासाठी पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील पीक प्रसिद्ध आहे. दांडीला आणि तोंडावरच्या तबलीला तुणाचे लाकूड. तार स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि रुंद तबली हवेला. म्हणून तबली पातळ आणि हलकी हवी. येथे लाकूड स्वतः गाते.

६/ पखवाजाचे गणित याच्या नेमके उलट. कोकणातल्या भजनात घुमणाऱ्या या वाद्याचे खोड शिसव किंवा खैरासारख्या जड लाकडाचे. तून एका घनमीटरला सुमारे ४५० ते ५०० किलो भरते, साग सुमारे ६५०, तर खैर जवळजवळ १०००.

७/ इतके वजन कशासाठी? पखवाजात गाते ती पुडी. तिच्यावरील शाईमुळे चामड्याच्या नादाला सुरेल स्वरांची शिस्त येते, हे चं. वें. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले. खोडाने मात्र हलायचे नसते. ते हलले तर थापेची शक्ती पुडीतून निसटून लाकडात जिरते. येथे लाकडाचे कर्तव्य मौनाचे.

८/ म्हणजे एकाच परंपरेत दोन विरुद्ध नियम नांदत होते. जिथे लाकडाने गायचे तिथे हलके आणि पातळ. जिथे गप्प राहायचे तिथे जड आणि जाड. मग हेडफोनची वाटी कोणाच्या कुळातली? तंबोऱ्याच्या की पखवाजाच्या?

९/ हेडफोनमध्ये गाते ते पातळ पटल. ते पुढे कानाकडे जितका आवाज सोडते, तितकाच मागेही सोडते, आणि तो उलट्या कलेचा असतो. बंद वाटी त्या मागच्या आवाजाला कोंडते. कोंडलेला आवाज भिंतीवर आपटून परततो आणि पटलातून पुन्हा कानाशी पोहोचतो. वाटी स्वतः गाऊ लागली तर मूळ संगीतात तिचा सूर मिसळेल. तेव्हा कूळ पखवाजाचे.

१०/ थोडे गणित. वाटीची आतली रुंदी ५ सेंटिमीटर धरली आणि हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिले अनुनाद सुमारे ३,४३० हर्ट्झला उभे राहते. मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण याच पट्ट्यात. म्हणून वाटीचा आकार, खोली आणि आतले लोकरीसारखे अस्तर यांतील लहानसा बदलही ऐकू येतो.

११/ आणि लाकडाची जात? हवेतून आलेला ध्वनी घन लाकडावर आदळला की त्याच्या शक्तीचा जेमतेम हजारावा हिस्सा आत शिरतो. बाकी सारा परततो. हे साग, अक्रोड, महोगनी यांपैकी सर्वांना लागू आहे. फरक उरतो तो अंतर्गत शमनाचा. पितळेच्या तांब्यावर टिचकी मारली तर तो वाजत राहतो. लाकडी पाटावर मारली तर ‘ठक्’ होऊन संपते. धातू आणि लाकूड यांतले हे अंतर मोठे आहे. जाड भिंतीच्या दोन लाकडांतले मात्र फार लहान.

१२/ सोनीने १९८९ मध्ये आणलेला ‘एमडीआर-आर१०’ हा या प्रकारातील सर्वांत गाजलेला हेडफोन. त्याच्या वाट्या दोनशे वर्षे वयाच्या जपानी झेल्कोव्हा वृक्षाच्या. चर्चा लाकडाची झाली. पण वाटीचा आतला आकार काळजीपूर्वक आखलेला होता आणि पटल जिवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचे होते. त्या यशातील लाकडाचा वाटा वेगळा काढणे अवघड.

१३/ पुढे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘ई-म्यू’ या नावाखाली सागाच्या वाट्यांचा हेडफोनही विकला. तेथे सागाचा खरा उपयोग गलबतातलाच: कोरल्यावर आकार टिकतो, सांधा हवाबंद राहतो. सांधा सुटला, तर गळणाऱ्या हवेबरोबर खर्जही जातो.

१४/ प्रश्न केवळ श्रवणसुखाचा नाही. शिसवाचे संपूर्ण कूळ २०१७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. तंबोऱ्याच्या तबलीला लाकडाचा पर्याय शोधणे कठीण, कारण तिथे तेच गाते. हेडफोनच्या वाटीला मात्र कोणतेही टणक, मुरलेले, न तडकणारे लाकूड चालते. दुर्मीळ वृक्ष तोडून मिळते ते सौंदर्य. नाद बहुतांशी घडवणाऱ्याच्या हिशोबातून येतो.

१५/ मिरजेच्या कारागिराला लाकूड निवडताना ‘चांगले कोणते’ एवढे विचारून भागत नाही. ‘याने इथे गायचे की गप्प राहायचे’ हा त्याचा प्रश्न. हेडफोनच्या दुकानातही तोच विचारावा.