जुन्या फियाटचा पावसाळा : दरवाजांचे रबर आणि काचांची जुळणी

पावसाची पहिली जोरदार सर येऊन गेली की, जुनी मोटार हौसेने बाळगणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पायाखालची मॅट ओली लागते, आत कुबट वास येतो, काच वर चढवताना मध्येच अडकते. बहुतेक जण त्यावर बाजारातून जाडसे रबर बीडिंग आणून दरवाजाला चिकटवतात. गळती काही दिवस थांबल्यासारखी वाटते; पत्रा मात्र आतल्या आत गंजत राहतो. प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारीच्या बाबतीत ही चूक महागात पडते.

फियाट ११००-१०३ हे मॉडेल १९५३ मध्ये इटलीत आले. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये त्याची '११०० डिलाइट' ही आवृत्ती बाजारात आणली. तीच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही हद्दपार झाली. या मोटारीला स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या सिल आणि खांब हेच सारा भार पेलतात. त्यामुळे मॅटखाली साचणारे पाणी केवळ गैरसोय करत नाही, तर मोटारीचा सांगाडाच पोखरते.

आधी दोष शोधावा

पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत येते, असे नाही. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून शिरलेला ओघळ डॅशबोर्डच्या मागून उतरून चालकाच्या पायाशी जमतो आणि दोष दरवाजाला दिला जातो. म्हणून मॅट काढून तळ कोरडा करावा. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने साध्या नळीने, दाब न देता, खालून वर असे टप्प्याटप्प्याने पाणी सोडावे. ज्या टप्प्यावर आत ओल दिसेल, तेथेच दोष.

रबराची पकड तपासण्यासाठी वर्तमानपत्राची पट्टी पुरते. ती चौकटीवर धरून दरवाजा लावावा आणि हलकेच ओढावी. पट्टी सहज निसटली तर तेथे रबर टेकत नाही. रबरावर खडू घासून दरवाजा लावल्यास चौकटीवर उमटलेली रेघ कोठे तुटते, तेही कळते. रेघ तुटण्याचे कारण दर वेळी रबरच असते असे नाही; बिजागरी झिजून दरवाजा खाली झुकला असला तरी हेच दिसते. तेव्हा बिजागरी आणि कुलपाचा चौकटीवरील भाग यांची जुळणी आधी करावी, रबर नंतर बदलावे.

रबर कोणते घ्यावे

एका दरवाजात निरनिराळी रबरे असतात. चौकटीभोवतीचे पोकळ बीडिंग वारा व पाणी रोखते. काच ज्या खाचेतून सरकते, तिच्यात मखमली अस्तराचा चॅनेल असतो. काच दरवाजात उतरते तेथे आतबाहेर दोन पट्ट्या असतात. पुढच्या दरवाजातील त्रिकोणी काचेचे रबर आणखी वेगळे. प्रत्येकाचा छेद निराळा असल्याने अंदाजाने खरेदी करू नये. जुन्या रबराचा तुकडा कापून सोबत न्यावा आणि तो शेजारी धरून निवड करावी. ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांची दुकाने किंवा कुर्ल्याचा जुन्या मोटारींच्या भागांचा बाजार येथे शोध घेता येतो.

नैसर्गिक रबर ऊन आणि हवेतील ओझोनमुळे कडक होऊन तडकते. ईपीडीएम हे कृत्रिम रबर त्यापुढे बराच काळ टिकते. पण पेट्रोल, ऑइल वा ग्रीस लागल्यास ते फुगते. नवे रबर पूर्ण बसेपर्यंत जुने टाकून देऊ नये.

पत्र्याची तयारी

जुने रबर निघाल्यावर खाली वाळलेला गोंद आणि बहुधा गंज दिसतो. गोंद थिनरने, रंगाला इजा न होऊ देता, काढावा. गंज घासून प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर चिकटवलेले रबर त्या गंजावर झाकण घालते.

बीडिंग प्रथम गोंदाशिवाय बसवून पाहावे. ते ताणू नये. ताणलेले रबर पुढे आक्रसते आणि नेमक्या कोपऱ्यात फट पडते. जोड दरवाजाच्या खालच्या बाजूस ठेवावा आणि तुकडा थोडा लांब कापून टोके एकमेकांवर दाबून बसवावीत. नव्या रबरामुळे काही दिवस दरवाजा जड लागतो. तेवढ्यासाठी कुलूप लगेच सैल करू नये.

काचेची जुळणी

काच वर-खाली करण्याचे हँडल, दरवाजाचे हँडल आणि आतले पॅड काढल्यावर यंत्रणा दिसते. हँडल पिनने की क्लिपने अडकवले आहे, हे पाहूनच जोर लावावा. आधी काचेच्या खालच्या कडेला धरणारी लोखंडी पट्टी तपासावी. ती गंजून फुगली असेल, तर कितीही जुळणी केली तरी काच तिरकी राहते आणि एखाद्या दिवशी दरवाजात निसटते.

नवा चॅनेल बसवल्यावर त्याचे खालचे स्क्रू अर्धवटच आवळावेत. काच सावकाश पूर्ण वर न्यावी, ती वरच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी बसली की मग स्क्रू घट्ट करावेत. त्यानंतर चार-पाच वेळा वर-खाली करून पाहावी. खाली येताना सैल आणि वर जाताना जड, अशी काच असेल तर चॅनेल वरच्या बाजूस आवळला गेला आहे, असे समजावे. यंत्रणेच्या दात्यांना ग्रीस चालते. मखमली चॅनेलला मात्र सिलिकॉनचा हलका फवाराच द्यावा. ग्रीसवर धूळ बसून काचेवर ओरखडे उठतात.

पाण्याला वाट हवीच

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. काचेवरून ओघळणारे काही पाणी पट्ट्यांतून दरवाजाच्या पोकळीत उतरणारच, हे गृहीत धरूनच दरवाजाची रचना केलेली असते. ते बाहेर पडावे म्हणून तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. धूळ, रंग किंवा हौसेने भरलेले सिलिकॉन यांनी ती बुजली की दरवाजा पाण्याची टाकी बनतो आणि खालची कड सडते. छिद्रे तारेने मोकळी करावीत. आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागदही नीट चिकटवावा, म्हणजे पाणी पॅडवर न येता खाली उतरते. दुरुस्तीनंतर हा कागद परत लावायचा राहून जातो आणि नवे रबर असूनही गळती सुरूच राहते.

पुढच्या काचेचे रबर बदलणे जाणकार कारागिरावर सोपवावे. रबराच्या खाचेत दोरी घालून, ती आतून ओढत, रबराची कड चौकटीवर चढवली जाते. हात चुकला तर काच कडेपासून तडकते.

मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी सांगाड्यात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याची वेळ येऊ नये, यासाठी मे महिन्यातच वर्तमानपत्राच्या पट्टीची परीक्षा आणि छिद्रांची सफाई उरकून घ्यावी. पावसाळा संपला की मॅट काढून, दरवाजे उघडे ठेवून मोटारीला दिवसभर उन्हात वाळू द्यावे.