गरीब म्हणजे परदेशी

माझा मावसभाऊ दम्माममध्ये एसी दुरुस्तीचं काम करतो. नगरला आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, दोन वर्षं मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात काढली आणि २०१२ला सौदीला गेला. चार वर्षांपूर्वी त्यानं बायकोला आणि मुलीलाही तिकडं नेलं. गेल्या जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर भावजय सांगत होती की छतावरच्या टाकीतलं पाणी दिवसभर इतकं तापतं, की नळाखाली हात धरवत नाही. म्हणून रात्रीच बादल्या भरून घरात ठेवायच्या आणि सकाळी त्या पाण्यानं अंघोळ करायची. संध्याकाळी मगरिबनंतरच खिडकी उघडायची. मुलीला बागेत न्यायचं ते रात्री दहा वाजता.

मी म्हटलं, उन्हाचा फारच त्रास होत असेल. तर म्हणाली, "गरमी की आदत हो जाती भाईजान. पर याँ अपना कोन है?"

नंतर भाऊ फोनवर आला. सौदी सरकारनं २०१७पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबावर फी बसवली. सुरुवातीला माणशी महिन्याला १०० रियाल होते, २०२०पर्यंत ते ४०० झाले. बायको आणि मुलगी मिळून महिन्याला ८०० रियाल. पगारातून भाडं आणि ही फी गेली, की घरी पाठवायला काय उरतं? "भाई, इनको रखूँ की भेज दूँ?" असं त्यानं मला विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून नगरच्या इतिहासातली काही माणसं डोक्यातून जाईनात. तीही आपला संसार घेऊन परक्या उन्हात आली होती. फक्त दिशा उलटी होती. ती नगरला आली होती.

आधी एका शब्दाबद्दल सांगतो. आपण ज्याच्याकडं पैसा नाही त्याला गरीब म्हणतो. मूळ अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला. दख्खनच्या सुलतानांच्या काळात इराण, तुराण, अरबस्तानातून आलेल्या लोकांना ‘गरीब’ किंवा ‘आफाकी’ म्हणत. इथल्या मातीतले ते ‘दखनी’. पैशानं पाहिलं तर ही ‘गरीब’ माणसं बरीच श्रीमंत असत. वजीर, हकीम, तोफा ओतणारे, घोड्यांचे सौदागर, शिक्षक. आपल्या मराठीत मात्र या शब्दाचा परका हा अर्थ पुसला गेला आणि कंगाल हा अर्थ उरला. परमुलखातल्या माणसाची अवस्था बहुधा अशीच होत असावी, म्हणून दोन्ही अर्थ एका शब्दात बसले.

सीना नदीच्या काठी मलिक अहमदनं १४९०च्या लढाईनंतर हे शहर वसवायला घेतलं. राज्य टिकवायचं तर माणसं हवीत, म्हणून निजामशाहीनं दारं उघडी ठेवली. १५२०च्या सुमारास शाह ताहिर नावाचा विद्वान इराणातल्या काशानहून जीव वाचवून, कुटुंबासह जहाजानं गोव्याला उतरला. विजापुरात त्याचं जमलं नाही. परांड्याला थांबला. तिथून १५२२मध्ये बुऱ्हाण निजामशहानं त्याला नगरला बोलावून घेतलं. पुढं तोच दरबाराचा सर्वात मोठा सल्लागार झाला. शाह ताहिरच्या बायकोनं हा प्रवास कसा केला, नगरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं काय केलं, हे कोणत्याही तवारीखेत नाही. घरातल्या बाईचा परदेश कुणी लिहून ठेवत नाही. आजही वर्तमानपत्रात बातमी येते ती कामगाराची, दुपारभर बंद फ्लॅटमध्ये बसलेल्या त्याच्या बायकोची येत नाही.

पुढं कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून गुलाम अली हिंदूशाह नावाचे एक शिक्षक आपल्या लहान मुलाला घेऊन नगरला आले. शहजादा मीरान हुसेनला फारसी शिकवायचं काम त्यांना मिळालं. तो मुलगा म्हणजे दख्खनचा इतिहास लिहिणारा फरिश्ता. नगरमध्येच तो वाढला, दरबारात नोकरीला लागला. पण १५८९मध्ये मीरान हुसेनचा खून झाला आणि शहरात दखनी विरुद्ध परदेशी असा वणवा पेटला. जमालखानाच्या लोकांनी परदेश्यांची कत्तल केली. ज्यांची अख्खी हयात इथं गेली होती, त्यांनाही परके म्हणून मारलं गेलं. फरिश्ता कसाबसा वाचला आणि विजापूरला गेला.

याच फरिश्त्यानं लिहून ठेवलंय की निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप, मलिक हसन, हा मुळात पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा होता. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. म्हणजे ज्याच्या मुलाच्या नावानं हे शहर पाच शतकं ओळखलं गेलं, त्याचं मूळ गोदाकाठी होतं, आणि हे आपल्याला सांगणारा माणूस अस्तराबादचा होता. नगरच्या मुसलमानाला कुणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणतो तेव्हा मला नेहमी हा हिशेब आठवतो.

आता सव्वादोनशे वर्षं पुढं येऊ. १८१८मध्ये पेशवाई संपली, नगर कंपनीच्या हाती गेलं, भिंगारजवळ गोऱ्या पलटणींची छावणी बसली. मुंबईत १८१३पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम चालू होतं, पण तिथली दमट हवा त्यांना मानवत नव्हती. नगर पठारावर, साडेसहाशे मीटर उंचीवर. दिवसा ऊन कडक असलं तरी हवा कोरडी आणि रात्र गार. इथं जगता येईल असा त्यांचा हिशेब होता.

विल्यम हर्वी आणि त्याची बायको एलिझाबेथ हे ऑगस्ट १८३०मध्ये बोस्टनहून निघालेलं जोडपं. कलकत्त्यामार्गे मार्च १८३१मध्ये ते मुंबईत पोचले. म्हणजे नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर. मे महिन्यात एलिझाबेथ गेली. मुंबईत तिला जेमतेम दोन महिने मिळाले. विल्यम एकटाच त्या वर्षाच्या डिसेंबरात हॉलिस रीड आणि अॅलन ग्रेव्हज यांच्याबरोबर नगरला आला. पुढच्या मे महिन्यात पटकीनं नगरमध्ये त्याचाही अंत झाला. बरोबर एका वर्षाच्या अंतरानं नवराबायको दोघंही संपले, दोन वेगळ्या शहरांत.

बाकीच्या दोघांचं काय झालं? रीड काही वर्षांतच, १८३५मध्ये, बायकोच्या आजारपणामुळं अमेरिकेला परतला. ग्रेव्हजची तब्येत खालावली, तो महाबळेश्वरला राहू लागला आणि १८४३च्या अखेरीस तिथंच वारला. एक मेला, एक परतला, एकानं डोंगराचा आसरा घेतला.

टिकलं ते त्यांच्यानंतर आलेलं जोडपं. हेन्री बॅलंटाइन आणि त्याची बायको एलिझाबेथ १८३५मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच काळात नगरचे झाले. ते का टिकले? देहाची काटकता असेल, नशीबही असेल. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे भाषा. हेन्रीनं मराठी नुसती शिकली नाही, त्यानं मराठीत भक्तिगीतं लिहिली. १८४२मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झालं, त्याचा पहिला संपादक तोच. मिशनऱ्यांच्या धर्मप्रचाराबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि ‘ज्ञानोदय’मधल्या वादांवर वेगळं लिहिता येईल. इथं विषय त्यांच्या संसाराचा आहे. या जोडप्याची मुलं नगरच्या मातीत वाढली. मुलगी मेरी हिनं १८५६मध्ये सॅम्युएल फेअरबँकशी लग्न केलं. फेअरबँकची पहिली बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला या दोघांनी आपलं घर केलं. फेअरबँक पक्ष्यांचा अभ्यासक होता आणि दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. बॅलंटाइनचा मुलगा विल्यम डॉक्टर होऊन राहुरीला आला. हेन्री स्वतः मात्र १८६५मध्ये आजारपणात मायदेशी जायला निघाला आणि वाटेत जहाजावरच वारला. तीस वर्षं ज्या उन्हानं त्याला मारलं नाही, ते सोडून जाताना तो गेला.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की ही चिकाटीची, भाषा शिकण्याची गोष्ट आहे. आहेच. पण अर्धीच. या लोकांना गार कोण ठेवत होतं?

त्या काळात गोऱ्यांच्या बंगल्यात उन्हाळा सुसह्य व्हायचा तो दोन गोष्टींमुळं. छताला टांगलेला मोठा पंखा आणि दारंखिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या. पंखा आपोआप हलत नाही, व्हरांड्यात बसून दोरी ओढणारा माणूस लागतो. वाळ्याच्या ताट्या आपोआप ओल्या राहत नाहीत, तासातासाला पाणी मारणारा माणूस लागतो. हा माणूस म्हणजे भिश्ती. चामड्याची मशक पाठीवर घेऊन विहिरीपासून बंगल्यापर्यंत खेपा घालणारा, बहुतेक आपल्याच समाजातला. ‘भिश्ती’ हा शब्द ‘बहिश्त’वरून, म्हणजे जन्नतवरून आला आहे. तहानलेल्याला पाणी देणारा जन्नतचा माणूस. आतला साहेब त्या ओल्या वाळ्याचा सुगंधी वारा घेत पत्र लिहायचा की इथली हवा आता आम्हाला मानवू लागली आहे. बाहेर भर दुपारी मशक वाहणाऱ्याला हवा मानवते की नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही.

आणि ताट्यांच्या आधीचा गारवा तर निजामशाहीनंच करून ठेवला होता. कापूरवाडी, भिंगारकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलेलं होतं. फराहबागचा महाल तलावाच्या मधोमध बांधला होता, म्हणजे कुठूनही वारा आला तरी पाण्यावरून यावा. इंग्रजांनी नगरमधल्या कितीतरी जुन्या हवेल्या, मशिदी, मकबरे कचेऱ्या आणि राहण्यासाठी वापरले. शहराच्या पूर्वेला डोंगरावर सलाबतखानाचा मकबरा आहे. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण चांदबीबीचा त्याच्याशी संबंध नाही. खाली तळघरात सलाबतखान आणि त्याची एक बायको शेजारी शेजारी दफन आहेत. वर तीन मजले, चहूबाजूंनी कमानी, उन्हाळ्यातही भणाण वारा. इंग्रजांनी तिथं गोऱ्या सोल्जरांसाठी आरोग्यधाम केलं. म्हणजे एका दांपत्याच्या कबरीवरच्या वाऱ्यानं परमुलखातल्या पोरांचा उन्हाळा निभावला.

आता पुन्हा दम्मामकडं येतो. तिथं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे. चांगला कायदा आहे. पण अकरा वाजता आणि साडेतीन वाजता गच्चीवरचा लोखंडी कंप्रेसर थंड नसतो. माझा भाऊ त्या वेळी छतावर असतो, कारण खाली कुणाच्या तरी घरात गारवा बंद पडलेला असतो. तो तिथला परदेशीही आहे आणि तिथला भिश्तीही. बॅलंटाइनच्या घरी हे दोघे वेगवेगळे होते. फरक इथं आहे.

नगरला आलेल्या ‘गरीबां’मागं दरबार होता, दरबार फिरला तेव्हा ते मारले गेले. अमेरिकनांमागं मिशन होतं, कंपनीचं राज्य होतं, आजारी पडल्यावर जायला महाबळेश्वर होतं. तरी त्यांनी बायका गमावल्या, नवरे गमावले. माझ्या भावामागं एक इकामा आहे, त्यावर एका मालकाची सही आहे, आणि फीची पावती आहे. तिथं त्याला ‘अजनबी’ म्हणतात. तीस वर्षं राहिला तरी अजनबीच राहील. त्याच्या मुलीला त्या मातीत रुजून वडाळ्यासारखं घर करता येणार नाही. ऊन सगळ्यांना सारखंच असतं. परक्या माणसाचा संसार टिकतो की मोडतो, हे ते गाव त्याला किती जागा देतं यावर ठरतं.

म्हणून मी त्याला पैशाचा हिशेब सांगितला नाही. एवढंच विचारलं की तिथं तुम्हा दोघांना कुणी ‘आपलं’ मिळालंय का? तर म्हणाला, खालच्या मजल्यावर एक येमेनी बाई आहे, ती हिला बाजारात नेते, अरबी शिकवते. हिनं तिला पुरणपोळी करून खाऊ घातली. मुलगी तर आता आपसात भांडते तेही अरबीत.

मी म्हटलं, मग अजून एक वर्ष ठेव. आणि उन्हाळा संपला की दोघींना इकडं महिनाभर पाठव. पोरीला सलाबतखानाच्या मकबऱ्यावर नेतो. वारा काय असतो ते तिला कळेल, आणि आपण कुठले आहोत हेही.